बेल्ट ग्राइंडरच्या सरकत्या टेबलातला प्ले

बेल्ट ग्राइंडरसमोर डावी-उजवीकडे सरकणारं टेबल घरी बनवायला फार काही लागत नाही, दोन रॉड, चार बेअरिंग आणि वर एक प्लेट. पण त्यावर कोयत्याचं पातं क्लॅम्प करून धार काढायला घेतली की टेबल हाताखाली डुलायला लागतं (हाच प्ले, म्हणजे फटीमुळं होणारी नको ती हालचाल), बेल्ट 36 ग्रिटचा, म्हणजे जाडाभरडा असेल तर पातं कचकन आत ओढलं जातं आणि बेव्हलवर, म्हणजे धारेच्या उतारावर, लाटा उठतात.

बहुतेक जण लगेच स्क्रू आवळायला घेतात. माझं म्हणणं, आधी लांबी बघा, फट नंतर. हिशोब करा ना, एका रॉडवरच्या दोन बेअरिंगमधलं अंतर 60 मिमी आणि तिरपं व्हायला वाव फक्त 0.1 मिमी, तरी 180 मिमी लांब असलेलं पात्याचं टोक 0.3 मिमी हलतं. तीच बेअरिंग 150 मिमी अंतरावर नेली की तेवढ्याच फटीत टोक 0.12 मिमीच हलणार. एक पैसा खर्च नाही, नुसती भोकं परत पाडायची!

दुसरं, दोन्ही रॉडना टेबल घट्ट धरायला लावू नका. घरच्या ड्रिलवर पाडलेल्या भोकांत दोन रॉड अगदी समांतर बसणं अवघड, मग टेबल अडकतं, अडकतं म्हणून आपण दोन्हीकडं ढिलं करतो आणि प्ले परत येतो. एकाच बाजूनं दिशा द्यायची, दुसऱ्या बाजूनं फक्त वजन पेलायचं, तिथं सपाट पट्टी पुरते.

दिशा देणाऱ्या बाजूला मी बेअरिंग काढून सपाट ब्राइट बार (साधी गुळगुळीत स्टीलची पट्टी) आणि ब्रासची गिब पट्टी (फट भरून टेबल बारला घट्ट धरणारी पट्टी) टाकली, मागून ती दाबायला एम5 ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू), त्यावर तो जागेवर पक्का राहायला चेक नट. चेक नट आवळताना ग्रब स्क्रू पण सोबत फिरतो आणि सगळी सेटिंग जाते, त्यामुळं एका हातानं ॲलन की धरूनच ठेवायची. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून टेबल हातानं ढकलून बघा, म्हणजे अंदाजपंचे काम होत नाही. बॉलवालं लिनियर बेअरिंगच ठेवायचं असेल तर शाफ्ट (रॉड) हार्डन, म्हणजे कडक केलेलाच घ्या, साध्या ब्राइट बारवर बॉल चरे पाडतात.

गिबला डेलरिन (एक टणक, गुळगुळीत प्लास्टिक) पण चालतं, सरकतं मस्त, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात सांभाळून. डेलरिन स्टीलच्या साधारण आठपट प्रसरण पावतं. 40 मिमीचा ठोकळा सकाळी 25 अंशाला फिट बसवला आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 42 झालं की तो जवळजवळ 0.07 मिमी वाढतो, टेबल जाम. पातळ पट्टी वापरली तर हा त्रास जाणवत नाही.

आणि तेल अजिबात नको. ग्राइंडिंगची धूळ तेलात बसली की लॅपिंग पेस्टच (धातू घासून काढणारा लेप) तयार होते, जी पट्टी एवढ्या मेहनतीनं बसवली तीच घासून जाते. ग्रॅफाइट पावडर किंवा मेण लावा. वरून झाकण हवंच, चादरीचे तुकडे आपल्याकडं ढिगानं मिळतात पण धागे सुटून बेल्टात जातात आणि ठिणगीनं पेट घेतात, त्यापेक्षा वेल्डरच्या जुन्या चामडी एप्रनचा तुकडा कापून लावा.

बारची झीज शेवटी मधल्या भागातच जास्त होते, कारण घासायचं काम तिथंच चालतं. म्हणून गिब सेट करताना टेबल एका टोकाला नेऊन करायची, मध्ये सेट केली की टोकाला अडकते. आता ग्रब स्क्रूच्या खाली डिस्क स्प्रिंग वॉशर (बशीसारखा, स्प्रिंगसारखा दाब देणारा वॉशर) टाकून बघणारय, म्हणजे झीज होईल तशी पट्टी आपोआप दाबून राहील.