पाटावरून बसच्या पायरीवर

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या घरी पहिल्यांदा गेले की मी एक प्रश्न हमखास विचारते: चालायला लागल्यावर आधी कुठे जायचंय? दादर, परळ, शिवडी, वडाळा या पट्ट्यात मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे उत्तरं आता पाठ झाली आहेत. सिद्धिविनायक. दादरचं भाजी मार्केट. लालबागला बहिणीकडे. केईएम हॉस्पिटलमधून औषधं आणायला, आणि तेही एकटीने. या 'एकटीने'वर फार जोर असतो. मुलगा-सून कामावर, त्यांना रजा टाकायला लावायची नाही, टॅक्सीसाठी पैसे मागायचे नाहीत. मग उरते बस.

म्हणून माझ्या व्यायामांचं शेवटचं ध्येय बहुतेक वेळा बसची पायरी हेच असतं. तयारी घरातल्या पाटावर सुरू होते. पाट जेमतेम तीन इंचांचा. भिंतीला हात धरून एक पाय वर ठेवायचा, अंग उचलायचं, परत खाली यायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ते जमलं की पाटावर पाट. मग इमारतीचा जिना, त्याची पायरी सहा-सात इंचांची. इथवर बहुतेक जण पोचतात. पण जुन्या पद्धतीच्या बसची पहिली पायरी रस्त्यावरून मोजली तर जिन्याच्या पायरीच्या जवळजवळ दुप्पट भरते. ती चढायची असते मागे रांग ताटकळत असताना, एका हातात पिशवी धरून.

आता एक साधा हिशेब बघा. रस्तेबांधणीच्या मानकांप्रमाणे फूटपाथची उंची 15 सेंटिमीटरच्या वर असू नये. म्हणजे बस फूटपाथला अगदी लागून उभी राहिली आणि माणूस फूटपाथवरूनच चढला, तर तेवढे 15 सेंटिमीटर आपोआप कमी होतात. जी पायरी अशक्य वाटत होती ती जिन्याच्या पायरीच्या जवळपास येते. पण स्टॉपसमोर एक जरी गाडी उभी असली की बसला रस्त्याच्या मध्येच थांबावं लागतं. मग आधी फूटपाथवरून खाली उतरा, उभ्या गाड्यांच्या फटीतून जा, आणि पूर्ण उंचीची पायरी चढा. 'दोनच मिनिटं' म्हणून स्टॉपवर गाडी लावणाऱ्याला कल्पनाही नसते की त्याने कुणाचा तरी महिन्यांचा व्यायाम वाया घालवला.

शिवडीच्या एका आजींचं हेच झालं. सत्तरी कधीच ओलांडलेली, खुब्यात रॉड, पण जिद्द अशी की पाटावरचा व्यायाम मी सांगितल्याच्या दुप्पट करायच्या. आम्ही दोघी पहिल्यांदा स्टॉपवर गेलो तेव्हा समोर दोन टॅक्सी आणि एक टेम्पो उभा. बस आली, पलीकडून थांबली. आजी फूटपाथच्या कडेपर्यंत गेल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आज नको." त्यांचा पाय तयार होता. रस्ता तयार नव्हता. पुढच्या खेपेला कंडक्टरने बघितलं, स्वतः खाली उतरला, त्यांचा दंड धरला आणि त्या बसून दांडा पकडेपर्यंत डबल बेल दिली नाही. आजी तेवढ्यावर जिंकल्या. हल्ली त्या लालबागला जाऊन येतात.

कंडक्टर हा विषय म्हणूनच मला जिव्हाळ्याचा आहे. भाडेतत्त्वावरच्या छोट्या गाड्या आल्या तेव्हा त्यातल्या कित्येक गाड्यांत कंडक्टर नव्हता, तिकीट स्टॉपवरच फाडलं जायचं. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसते. पण म्हातारं माणूस उतरत असताना ड्रायव्हरला आरशात ते दिसेलच असं नाही. "थांब, आजी उतरतायत" हे ओरडून सांगणारं माणूस गाडीत हवं.

शहरातल्या बसच्या तळाची उंची किती असावी याची मापं केंद्र सरकारने कधीच ठरवून दिली आहेत: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. 400 म्हणजे एका पावलात आत. 900 म्हणजे आत दोन-तीन पायऱ्या. मुंबईत नव्या विजेवरच्या गाड्यांपैकी काही बऱ्याच बुटक्या आहेत आणि माझे पेशंट त्या बरोबर ओळखतात. उंच गाडी सोडून देतात आणि बुटकीची वाट बघतात. पण वाट बघायची तर गाड्या भरपूर हव्यात. मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टकडे एके काळी चार हजारांहून जास्त बस होत्या, आता तीन हजारांच्याही आत आहेत. जुलै 2019 मध्ये किमान भाडं 5 रुपयांवर आलं तेव्हा ज्येष्ठांची बसमधली गर्दी मी डोळ्यांनी पाहिली आहे. मे 2025 पासून ते 10 रुपये झालं. दहा रुपये पुष्कळांना काहीच वाटणार नाहीत, पण पेन्शन नसलेल्या बाईला जायचे-यायचे वीस रुपये मोजावेच लागतात.

मेट्रोविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहे, पेशंटला घेऊन जायला मला ती फार आवडते. पण घरापासून मेट्रोपर्यंतचा रस्ता तोच आहे: तोच फूटपाथ, तोच सिग्नल. सिग्नलचं गणितही सांगते. पादचारी सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून हिरव्या दिव्याचा वेळ ठरवण्याची पद्धत आहे. मी पेशंटला दहा मीटर चालवून घड्याळ लावते; ऑपरेशननंतर काठी घेऊन चालणाऱ्यांचा वेग पाऊण मीटरच्या आसपास असतो. 15 मीटर रुंद रस्त्याला धडधाकट माणसाला साडेबारा सेकंद पुरतात, माझ्या पेशंटला वीस लागतात. मधल्या साडेसात सेकंदांत हॉर्न सुरू झालेले असतात. आणि याला उपाय म्हणून आपण काय केलं, तर माणसालाच वर चढवलं. 2008 मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला, मग मुंबई आणि आसपास तीसच्या वर झाले. गाड्या सपाट रस्त्यावरून जाणार आणि गुडघे दुखणाऱ्याने दोन मजले चढायचे, हे मला कधीच पटलेलं नाही.

याहून बरं होऊ शकतं हे मी पिंपरी-चिंचवडला भावाकडे गेले की बघते. सांगवी ते किवळे बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली मार्गिका, 2015 मध्ये सुरू झाली. जगताप डेअरीच्या स्टॉपवर फलाट बसच्या तळाइतका उंच आहे, पायरी हा प्रकारच नाही. माझी वहिनी सांधेदुखीची, ती दळण आणावं इतक्या सहज बसने जाते. स्टॉप रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे तिथवर पोचायला मात्र अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो, तो तिला जड जातो.

मुंबईत कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी परळ सांगेन. केईएम, वाडिया, टाटा अगदी हाकेच्या अंतरावर. देशभरातून आजारी माणसं इथे येतात आणि त्यातली पुष्कळ बसनेच येतात. या हॉस्पिटलांजवळच्या स्टॉपवर फूटपाथ थोडा पुढे, बसच्या रांगेपर्यंत वाढवला तर तिथे गाडी उभी करायला जागाच उरणार नाही आणि बस आपोआप लागून थांबेल. सिग्नलला वीस सेकंद द्या. आणि बाकांना हात बसवा; दोन्ही बाजूंना धरायला काही नसेल तर गुडघ्याचा पेशंट एकदा बसला की उठू शकत नाही, म्हणून तो तास-तासभर उभाच राहतो.

महापालिकेच्या एफ-दक्षिण विभाग कार्यालयात मी यासाठी पत्र देणार आहे. सोबत प्रत्येक स्टॉपची मापं जोडायची आहेत: फूटपाथची उंची, स्टॉपसमोर उभ्या राहणाऱ्या गाड्या, सिग्नलचा वेळ. परळ-शिवडी भागात राहणाऱ्या दोघांनी टेप आणि घड्याळ घेऊन एखादा रविवार दिला तर काम होईल. कमेंटमध्ये कळवा.