तुम्ही विचारलंत म्हणून: पॉवर मीटर हलत नाही, मग लेझर 'नॉइजी' कसा?

780 नॅनोमीटरच्या लेझर डायोडवर रुबिडियमचा प्रयोग (लेझर रुबिडियमच्या वाफेतून पाठवून शोषण पाहायचा) मांडणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: पॉवर मीटरचा आकडा जागचा हलत नाही, तरी सिग्नल एवढा घाणेरडा का? आणि उत्तर ऐकायच्या आत नव्या डायोडची ऑर्डर लिहायला बसतो.

पॉवर मीटर सरासरी दाखवतो, त्याला वेगवान चढउतार दिसतच नाहीत. शिवाय थ्रेशोल्डच्या (ज्या करंटला लेझर सुरू होतो त्याच्या) बरंच वर चालवलेल्या डायोडचा तीव्रतेचा नॉइज सहसा एवढा वाईट नसतो. खात्री हवी? त्याच फोटोडायोडवर बॅटरीच्या टॉर्चचा बल्ब पाडा, फोटोकरंट लेझरच्या वेळेइतकाच ठेवा. तो नॉइज म्हणजे शॉट नॉइज, प्रकाश फोटॉनच्या सुट्या कणांनी येतो म्हणून उरणारा, तुमची खालची पातळी. लेझर त्याच्या किती वर आहे ते मोजा, मग बोलू.

गोंधळ बहुतेक वेळा फ्रिक्वेन्सीत असतो. या डायोडचा करंट 1 मिलिॲम्पिअरने हलला की फ्रिक्वेन्सी साधारण 1 ते 3 गिगाहर्ट्‌झ सरकते, तापमान 1 अंशाने हललं की सुमारे 30 गिगाहर्ट्‌झ. रुबिडियमच्या शोषणरेषेची (ज्या फ्रिक्वेन्सीला तो प्रकाश शोषतो तिची) नैसर्गिक रुंदी 6 मेगाहर्ट्‌झ. टेबलावरच्या साध्या सप्लायचा रिपल (करंटमधली बारीक थरथर) किती, हिशेब तुम्हीच करा. हा नॉइज ओळखायलाही सोपा: शोषणरेषेपासून दूर सिग्नल शांत आणि रेषेच्या उतारावर खडबडीत, म्हणजे दोष फ्रिक्वेन्सीचा. उतारच फ्रिक्वेन्सीच्या चढउताराचं तीव्रतेत रूपांतर करतो.

पण करंट सोर्स उत्तम, तापमान मिलिअंशात धरलेलं, तरीही रेघ जाड. हे प्रकरण सगळ्यांत जास्त छळतं. करंट स्कॅन करताना ऑसिलोस्कोपवर अर्ध्या गिगाहर्ट्‌झची गुळगुळीत खोबण दिसायला हवी, वाफेतल्या अणूंच्या धावपळीने रुंदावलेली शोषणरेषा. दिसतो केसाळ पट्टा, मध्येच पायरी. टेबलावर बोटाने टिचकी मारा. पायरी सरकली तर काचांवरून डायोडकडे परतणाऱ्या प्रकाशावर संशय घ्या. डायोडचं साधं टोक सुमारे 30 टक्केच परावर्तन करतं, म्हणून बाहेरून आलेला प्रकाश आत शिरायला मोकळा. काचेचा एकेक पृष्ठभाग 4 टक्के परत पाठवतो. त्यातला दहा हजारांतला एक भाग नेमका आत गेला तरी लाइनविड्थ (लेझरच्या फ्रिक्वेन्सीचा पसारा) मेगाहर्ट्‌झवरून गिगाहर्ट्‌झवर जाऊ शकते. काच 0.39 मायक्रॉन हलली की परतणाऱ्या लाटेच्या फेजचा (चढउताराच्या टप्प्याचा) एक पूर्ण फेरा झाला. त्यामुळे कोणी दार आपटलं तरी सिग्नल बदलतो आणि दोष बिचाऱ्या डायोडवर येतो.

एकेक वस्तू कलवत चला: फिल्टर, सेलची (रुबिडियमच्या वाफेच्या काचनळीची) खिडकी, फोटोडायोडची काच. 1 मीटरवरचा फिल्टर 1 अंश कलवला की परतीचा किरण डायोडपाशी 35 मिलिमीटर बाजूला पडतो, बास झालं. फायबरचं टोक सपाट असेल तर 8 अंश तिरकं असलेलं घ्या.

"मग सरळ आयसोलेटरच, प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा, घ्यावा ना?" पूर्वी मीही हेच सांगायचो, आधी आयसोलेटर, मग बाकीचं. आता तसं ठामपणे सांगवत नाही. एक आयसोलेटर 30 डेसिबल रोखतो, पण त्याच्या आधीची लेन्स, तिचं काय? आणि गंमत अशी की हाच परतलेला प्रकाश ग्रेटिंगवरून (बारीक रेघांच्या, रंग निवडणाऱ्या आरशावरून), जवळून आणि मुद्दाम दिला, तर लाइनविड्थ 1 मेगाहर्ट्‌झच्या खाली उतरते. म्हणजे परतणारा प्रकाश शत्रू, हेही अर्धंच खरं. तो किती, कुठून, कोणत्या फेजने, यावर सगळं अवलंबून. आणि टेबलावर फेज धरून ठेवणं हीच तर कटकट.

एवढं करूनही डायोड बदलायचाच असेल तर मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, पिना शॉर्ट करूनच सोल्डर करा आणि उलटं व्होल्टेज 2 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. नवाही जाईल, आणि तेव्हाही मलाच विचाराल.