तुम्ही विचारलंत म्हणून: चाक कुठंय?

मी मातीची शिल्पं करते. कामाची खोली बघायला आलेला माणूस आधी चारी कोपरे न्याहाळतो आणि मग विचारतो, "चाक कुठंय तुमचं?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. "म्हणजे... जमत नाही का?"

जमतं हो. दोन वर्षं बसले होते चाकावर. पण चाक देतं ते गोल देतं, आणि मला करायची असतात वारुळं, काटेसावरीची खोडं, पावसाळ्यात ओंडक्यावर थरांनी फुटणारी बुरशी.

हातानं रचायचं कसं हे मी खरं शिकले खिडकीच्या चौकटीवर, कुंभारणीकडून. ती बारीक कमरेची माशी हो. तोंडात ओल्या मातीची गोळी धरून येते, काठाला चिकटवते, जबड्यानं ओढून तिची पातळ पट्टी करते आणि उडते. दुसरी गोळी येईस्तोवर पहिली जरा आवळलेली असते. होता होता बोराएवढं मडकं उभं राहतं, वर बाहेर वळलेला गळा. आत धाग्याला टांगलेलं अंडं, मग पिल्लाच्या बेगमीला अळ्या, आणि तोंड बंद. तसला गळा मला अजून साधलेला नाही.

माझंही तेच चालतं. बोटभर जाडीची मातीची लांब वळी, खाली ओरखडे, त्यावर मातीचं पातळ कालवण, मग अंगठ्यानं दाबत जायचं. चार-पाच वळ्या चढल्या की थांबायचं. मोह झाला तरी थांबायचंच, नाहीतर भिंत पोटातून बसते. रात्री काठावर ओलं फडकं टाकायचं, खालचं उघडं ठेवायचं. दोन फुटांचं काम रचायला तीन आठवडे, वाळायला महिना. भट्टीत १२२० अंशांपर्यंत भाजून निघालं की अडीच इंचांनी बुटकं झालेलं.

एकदा घाई केली. वारुळाचा बुडखा दोन इंच जाड होता. गालाला लावला तर गार लागला, म्हणजे आत ओल होती. कळत होतं, पण प्रदर्शनाची तारीख डोक्यावर होती. शंभर अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ झाली आणि भट्टीतून 'ठप्प' आवाज आला. जाताना शेजारच्या दोन कामांनाही घेऊन गेलं. आता बुडखा आतून कोरून पोकळ करते.

"पण आपली परंपरा तर चाकाची ना?" हेही ऐकवतात. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात चार पायांचा भलाथोरला मातीचा रांजण निघाला, आत पुरलेला माणूस. गोष्ट साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. त्या लोकांकडे चाक होतं, रोजची रंगवलेली भांडी ते चाकावरच घडवत. पण चार पाय काही चाकावर निघत नाहीत. गावातला कुंभारसुद्धा माठ चाकावरून उतरवला की आतून गोटा धरून बाहेरून थापीनं ठोकत बसतो. माठाचं पोट त्या ठोकण्यातून येतं.

सध्या फळीवर बुरशीचं एक काम वाळून तयार आहे, पण भट्टीत घालता येत नाही. कुंभारणीनं त्याच्या दोन थरांच्या बेचक्यात मडकं बांधलंय. माती बहुतेक माझ्याच बादलीतली, रंग जुळतोय. पिल्लू भोक पाडून बाहेर पडेपर्यंत थांबलेय.