बोलोन्यात रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला तेव्हा

आमच्या घरमालकीणबाईंचं मनगट दुखावलं आणि त्या रविवारच्या जेवणाची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. मुलगे, सुना, नातवंडं सगळी येणार होती आणि इटलीतल्या बोलोन्यात रविवार म्हटला की ताल्यातेल्ले अल रागूच लागतं, म्हणजे मांसाच्या दाट रश्श्यातला (रागू) चपट्या पट्ट्यांचा ताजा पास्ता. बाई ओट्याशेजारी स्टुलावर बसल्या, मी ॲप्रन बांधला.

रागू सकाळीच चढवलं. आधी पान्चेत्ता, म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस, बारीक चिरून मंद आचेवर, चरबी सुटेपर्यंत. मग कांदा, गाजर, सेलरी, तिन्ही अगदी बारीक. लसूण नाही. नंतर पान्चेत्ताच्या साधारण दुप्पट बीफचा जाडसर खिमा. खरी कसोटी इथेच असते. खिमा आधी पाणी सोडतो आणि ते पुरतं आटल्याशिवाय वाईन घालायची नसते. बाई भांड्यात बघतच नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. "अजून रटरटतंय, थांब," म्हणाल्या. आवाज बदलून खिमा चरचरायला लागला, तशी त्यांनी मान हलवली. वाईन उडून गेल्यावर टोमॅटो पडला, तोही बेताचाच. रागू हा मांसाचा पदार्थ आहे, टोमॅटोचा नाही, हे मला आता मनापासून पटलंय. पुढचे तीन तास आच अगदी बारीक ठेवायची आणि मधूनमधून थोडं दूध घालायचं, म्हणजे टोमॅटोचा आंबटपणा मवाळ होतो. रागूची कृती 1982 साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारित आवृत्तीही आली. तरी घराघरात हात वेगळा, दुधावरून तर हमखास वाद.

रागू शिजेपर्यंत स्फोल्या, म्हणजे पास्त्याची पारी. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. पीठ भरपूर मळून अर्धा तास झाकून ठेवलं. लाटायला लाकडी पाटच हवा. गुळगुळीत दगडावर पारीही गुळगुळीत होते आणि मग तिला रागू धरत नाही. लाटणं हातभरापेक्षा लांब. पोळीसारखं फिरवत लाटून भागत नाही; पारी लाटण्यावर गुंडाळायची आणि तळवे मधून बाहेर सरकवत ती ताणायची. पारीतून टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसलं पाहिजे, असं इथे म्हणतात. माझ्या पारीतून पाटाच्या लाकडाच्या रेषा दिसल्या आणि बाईंनी दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थाप दिली. पारी जराशी सुकू दिली, सैल गुंडाळी करून सुरीने पट्ट्या कापल्या. शिजल्यावर पट्टी 8 मिलिमीटर रुंद असावी, हेही इथे 1972 मध्ये नोंदवून ठेवलंय!

भाजलेलं मांस, रोझमेरी घातलेले बटाटे आणि लोण्यातला पालक ही पुढची ताटं सोपी. गोडासाठी त्सुप्पा इंग्लेझे आदल्या संध्याकाळीच लावून ठेवलं होतं: आल्केर्मेस नावाच्या लालभडक मद्यात भिजवलेली बिस्किटं आणि मध्ये पिवळ्या व चॉकलेटच्या कस्टर्डचे थर.

सगळे टेबलाशी बसल्यावरच पास्ता पाण्यात टाकला. पाणी भरपूर, लिटरला साधारण 10 ग्रॅम मीठ. ताजा पास्ता दोनेक मिनिटांत होतो, म्हणून कुणी यायचं बाकी असताना तो टाकायचाच नाही. निथळून थेट रागूच्या भांड्यात घालून हलवला, वर किसलेलं पार्मिज्यानो चीज.

थोरल्या मुलाने न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सगळं एकदम मांडायचं नसल्यामुळे दोन ताटांच्या मधल्या वेळात मलाही निवांत बसून गप्पा मारता आल्या. एरवी पाहुणे जेवून उठेपर्यंत स्वयंपाक करणारा उभाच असतो, आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे बाईंनी फडक्यावर वाळत घातले. त्यांना माल्तल्याती म्हणतात आणि ते राजम्यासारख्या घेवड्याच्या सूपमध्ये जातात. सोमवारी रात्री ते सूपही मीच करणार होते.