खळमुरी, पाव किलो

रविवार, रात्री अकरा. बाहेर पाऊस.

सासूबाई परवा नाशिकला नणंदेकडे गेल्या. जाताना फ्रिजवर वाणसामानाची यादी लावून गेल्या, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे, पेन्सिलीने. आईंचं अक्षर म्हणजे मोडीच्या घराण्यातलं. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, वाचणाऱ्याने आपलं बघून घ्यावं. तूरडाळ दोन किलो, गूळ, जाडे पोहे, उदबत्ती, इथपर्यंत मी गाडी नेली. पुढच्या ओळीवर चहाच्या कपाचं तपकिरी कडं उमटलेलं आणि त्या कड्यात मधोमध: खळमुरी पाव किलो.

दोनदा वाचलं. लेकीला दाखवलं, तिनेही तेच वाचलं. नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून पाकीट नाकाशी धरलं. तेच. तिघांना दिसतंय म्हणजे वस्तू असणार, असं म्हणून लेकीला खाली दुकानात पिटाळलं. शेठनी हिशेबातून मान वर न काढता सांगितलं, "संपली. मंगळवारी येईल."

इथून पुढे आमच्या हातात काही राहिलं नाही.

आईंना फोन लागेना. कीर्तनाला गेल्या की त्या तो बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवतात. मग प्रकरण बाबांकडे गेलं. सासरे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते, आणि 'माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. त्यांनी सुतळीने बांधलेला मोल्सवर्थ काढला, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. हा कोश बहुतेक शब्दांपुढे कंसात एखादं अक्षर टाकतो, संस्कृतातून आला की फारसीतून की आणखी कुठून. 'खळबळ' सापडली, 'खळी' सापडली. मधे आमची बाई नव्हती. बाबांना उलट आनंद झाला. कोशात नाही म्हणजे मैदान मोकळं.

"क्षारमूलिका," ते म्हणाले. "खारट मुळी. क्षीरची खीर झाली तसा इथे क्ष चा ख. खारमुळी. मग र आणि ळ यांनी जागा बदलल्या, वर्णविपर्यय. खाळमुरी, खळमुरी. समुद्रकाठी उगवत असणार."

नवऱ्याला संस्कृत मान्य नाही, विशेषतः ते बाबांकडून आलं की. तो पोर्तुगिजांवर अडून बसला. पगार त्यांचा, चावी त्यांची, बटाटा त्यांचा, घमेलंसुद्धा त्यांचंच. आफोन्सोचा हापूस झाला आणि आपण तो असा मिरवतो जसा काही रत्नागिरीत बारसं झालेला. मग खळमुरीच तेवढी क्षाराची का? एखादा फिरंगी ती गलबतातून घेऊन उतरला असेल, आणि कोळणींनी त्याचंच नाव तिला दिलं असेल.

बाबांनी यावर यास्काचार्यांना बोलावलं. त्यांच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची मुळं सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, एकट्या 'देव' शब्दाच्या व्युत्पत्त्या ओळीने येतात: देतो म्हणून देव, किंवा उजळतो म्हणून, किंवा प्रकाशतो म्हणून, किंवा द्युलोकात राहतो म्हणून. प्रत्येकीमागे 'वा'. "म्हणजे त्यांनाही नक्की नव्हतं," नवरा म्हणाला. बाबा म्हणाले, "नक्की असण्यापेक्षा हे जास्त चांगलं." मला एकदम त्यांचा वर्ग डोळ्यांपुढे आला. केशवसुतांची 'झपूर्झा' शिकवताना दरवर्षी कुणीतरी पोर विचारायचंच, सर, म्हणजे काय? मग हे झिम्मा खेळणाऱ्या मुली, त्यांचं भरभर म्हटलेलं 'जा पोरी जा', असं सगळं हातवारे करून सांगायचे. अर्थ कळला की नाही कोण जाणे, पोरं शाळा सुटल्यावर झपूर्झा झपूर्झा करत पळायची म्हणे.

लेक तोवर आणखी पुढे गेली होती. तिला मूळबीळ नको होतं. "मला आज सकाळपासून खळमुरल्यासारखं होतंय," ती सोफ्यावर आडवी पडत म्हणाली, आणि त्याचा अर्थ आम्हा तिघांना लगेच समजला. उद्या गणिताची चाचणी आहे.

भांडी घासताना माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. एवढा वाद झाला, पण खळमुरी ती, तो की ते, असं कुणी कुणाला विचारलं नाही. शेठसुद्धा 'संपली' म्हणाले. खळमुरीचा डबा, खळमुरीला पाखरं लागतात, खळमुऱ्या महाग झाल्या. सामान्यरूप, अनेकवचन, सगळं लेऊन बाई उभी. कुठून आली ते ठरायच्या आधीच घरात वावरायला लागली. या वहीच्या प्रत्येक पानावर 'दिनांक' छापलंय. तो शब्द सावरकरांनी दिलेला, 'महापौर'ही त्यांचाच. त्याचा जन्मदाखला आहे तरी तो पूर्वापार चालत आल्यासारखा वाटतो. खळमुरीचा दाखला नाही आणि वंशावळी दोन.

तिसरी साडेआठला आली. वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, मूळच्या मालवणकडच्या. लेकीने साळसूद चेहऱ्याने विचारलं, "काकू, खळमुरी माहितीये?" काकू वाटी हातात धरून क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "गो, माजी आजी करी. तांदळाचा पीठ, गूळ, वायच नारळाचा रस. श्रावणात. आता कोण करता!" आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. आम्ही कुणीच हसलो नाही. नवऱ्याने तर 'हळदीच्या पानावर का?' असंही विचारलं, आणि काकू 'होय तर' म्हणाल्या. मला वाटतं त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं असावं. नाव हरवलेलं काहीतरी, त्याला आमच्याकडे फुकटात नाव मिळालं.

साडेनऊला आईंचा फोन आला. मी यादीचा फोटो पाठवला. पलीकडे बराच वेळ शांतता, मागे नणंदेचा मिक्सर.

"अगं, खळ! माझ्या सुती साड्यांना. त्याच्यापुढे मोहरी, पाव किलो. मधला स्वल्पविराम तुझ्या चहाखाली गेला, 'ह'सुद्धा."

स्पीकर चालू होता. खळ, मोहरी. बाबा मोल्सवर्थची सुतळी बांधत होते, त्यांनी गाठ जरा जास्तच आवळली. नवरा म्हणाला, मोहरी शंभर टक्के पोर्तुगीज नाही, एवढं मी सोडतो. लेक म्हणाली, आजीला काही कळत नाही. काकूंना सांगायचं नाही, हे मात्र न बोलता ठरलं.

सोमवार, सकाळ

मोहरी आणली. खळीची पुडीही. शेठना विचारलं, काल 'संपली' म्हणालात ते काय? तर म्हणे, ताई, जे नाव कळत नाही ते संपलेलंच असतं.

आत्ता पोहे झाले. लेकीने पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं. "आई, खळमुरी नीट तडतडली नाहीये."

"गॅस बारीक होता," मी म्हटलं.