उजनीचा रोहू आणि चिलापीचा ससेमिरा

ज्या रोहूसाठी आम्ही जुने सवंगडी नोकरी-संसाराच्या लांबलचक खंडानंतर पुन्हा उजनीच्या पाणफुगवट्यावर जमू लागलो, तो गेल्या आठवड्यात अखेर काठावर आला. वजन साडेतीन किलोंच्या किंचित वर भरले. उजनीच्या मानाने हा काही मिरवण्याजोगा मासा नव्हे. परंतु चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) तावडीतून आमिष वाचवून तो लागला, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा सविस्तर लिहीत आहे.

आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना अडचण ठाऊकच आहे. भिगवण ते पळसदेव या पट्ट्यातील आमची जागा धरण होण्यापूर्वीच्या शेतजमिनीवर आहे. तळ काळ्या मातीचा, सपाट, आणि मधूनमधून बाभळीचे खुंट. अशा उथळ, उबदार पाण्यात चिलापी अमाप असते. कणकेचा गोळा लावून गळ टाकावा, तर शिसे तळाला टेकते न टेकते तोच पाण्यावर तरंगणारा फ्लोट टुकटुक करू लागतो आणि मिनिटभरात ओढून पाहिलेला गळ लख्ख रिकामा निघतो. चारा वाढवला की चिलापी आणखी गोळा होते; चारा थांबवला की रोहूला तिकडे फिरकण्याचे कारणच उरत नाही. आमच्यातील शेठ चिलापीच्या तिखट रश्श्यावर समाधानी असल्यामुळे त्यांना या प्रश्नात फारसा रस नाही, पण मास्तरांची आणि माझी झोप त्याने उडवली होती.

पहिला उपाय कठीण आमिषाचा होता. गळावर आमिष न टोचता ते केसासारख्या बारीक धाग्यावर गळाबाहेर लोंबते ठेवायची हेअर रिग ही इंग्लंडमध्ये कार्पसाठी लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी पुढे आणली, आणि आपल्याकडेही ती आता रुळली आहे. रात्रभर भिजवून अर्धवट शिजवलेला काबुली चणा आम्ही त्या धाग्यावर ओवला. चिलापीच्या लहान तोंडाला तो पेलेना, ही पहिली कमाई. मात्र रोहूनेही त्याकडे ढुंकून पाहिले नाही. रोहूचे तोंड खालच्या अंगाला वळलेले आणि ओठ झालरीसारखे असतात. शेवाळ खरवडणारा, कुजलेला पालापाचोळा टिपणारा हा मासा मऊ आमिषावरच जास्त विश्वास ठेवतो. म्हणजे चिलापीला टिकेल इतके कठीण आणि रोहूला रुचेल इतके मऊ, अशा दोन परस्परविरोधी अटी एकाच गळावर पाळायच्या होत्या.

मग चण्याभोवती मऊ लगदा थापण्याची युक्ती मास्तरांनी सुचवली. शेंगदाणा पेंड, भाजलेले हरभऱ्याचे पीठ, थोडी भाजून कुटलेली मेथी आणि बांधणीपुरता मैदा, एवढाच मसाला. ऑनलाइन मागवलेला एक तयार चारा याआधी वापरून झाला होता. पुडीवर एकांगी या सुगंधी मुळीचे नाव ठसठशीत छापलेले, पण आत बहुतांशी कोंडा आणि अत्तरासारखा वास. विक्रेत्याचे नाव लिहीत नाही, मात्र माझे मत असे की घाण्यावरून आणलेल्या ताज्या पेंडीला दुसरा पर्याय नाही. लगदा चिलापीने कुरतडला तरी आत चणा शिल्लक राहतो, आणि दर मिनिटाला दोर आवरायची शिक्षा संपते.

खरा फरक मात्र त्या संध्याकाळी आणखी दोन गोष्टींनी पडला. काठालगतच्या गुडघाभर पाण्यात, आमच्या जागेपासून बरेच दूर, शेठनी शिळ्या पावाचा चुरा टाकत राहण्याची जबाबदारी घेतली, आणि चिलापीची झुंड तिकडे सरकली. दुसरे म्हणजे फ्लोट खाली सरकवून मी आमिष तळापासून हातभर वर, बाभळीच्या शेवाळलेल्या खुंटाशेजारी लटकते ठेवले. सूर्य मावळतीला टेकला तेव्हा टुकटुक थांबली होती. थोड्या वेळाने फ्लोट न थरथरता सावकाश आडवा सरकू लागला, जरासा वर उचलला गेला आणि मग तिरका पाण्यात उतरला. चिलापी असे कधीच करत नाही. खुंटात घुसू न देण्यासाठी ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्टच ठेवला होता. जाड तंगूस (नायलॉनचा दोर) आणि माझे जुने शिमानो रील या दोघांनीही दगा दिला नाही. मास्तरांनी हातजाळे पुढे केले, तेव्हा गळ वरच्या ओठात अगदी स्वच्छ बसलेला दिसला.

आता वाद असा की श्रेय कशाला द्यावे. मास्तरांचे म्हणणे, चिलापी नजरेने खाणारा मासा असल्यामुळे उजेड उतरताच ती आपोआप मंदावते, बाकी सारे योगायोग. शेठ अर्थातच पावाच्या चुऱ्याच्या बाजूने आहेत. मला आमिषाची उंची महत्त्वाची वाटते, पण तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यामुळे सिद्ध काहीच करता येत नाही. म्हणून पुढच्या खेपेस भर दुपारी, चुरा न टाकता, फक्त आमिष उंच ठेवून पाहायचे ठरले आहे.

खरे तर पुढचा बेत कटल्याचा होता. वर वळलेल्या तोंडाचा हा मासा पृष्ठभागाजवळ चरतो, त्यामुळे चिलापीचा प्रश्नच टळतो, असा आमचा हिशोब. पिठाच्या लाडूभोवती सात-आठ गळ खोचण्याची जी पद्धत कटल्यासाठी सर्रास चालते, ती मात्र आम्ही वापरणार नाही. गळ डोळ्यात, कल्ल्यात, पोटात कुठेही रुततो आणि सोडायचा मासासुद्धा जगत नाही. कटला आता तूर्त मागे पडला आहे, कारण हे लिहितानाच लगद्यात वाळवलेल्या शेवाळाची पूड मिसळण्याची कल्पना सुचली. मास्तरांना फोनवर सांगितली, तर त्यांनी शांतपणे विचारले, “अहो, चिलापी काय शेवाळ खात नाही?” खाते, आणि आवडीने खाते. तरीही थोडी पूड मी करून पाहणार आहे. उंचीची चाचणी आटोपल्यावर तिची पाळी.

या सगळ्याला घाई आहे, कारण उजनीचे पाणी झपाट्याने उतरते आहे. धरणाचा उपयुक्त साठा संपून उण्यात गेला की आमचा खुंट कोरड्यावर येईल आणि भीमेच्या जुन्या पात्राच्या काठाशी नवी जागा शोधावी लागेल. तिथला तळ कसा आहे, गाळ किती आणि खुंट कुठे, हे ज्यांनी तिथे गळ टाकला आहे त्यांनी कळवावे. त्या पट्ट्यात मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, तेही सांगावे, म्हणजे परवानगी आधीच घेऊन ठेवता येईल.