पसंतीक्रम

आज डवरणी सोडून दिवसभर पुतणीसोबत इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांचा, फॉर्म भरत बसलो. सीईटीत ९४ पर्सेंटाइल. पोरीनं गेल्या वर्षीचे कटऑफ वहीत पेन्सिलीनं उतरवून आणलेले. नागपूरचं व्हीएनआयटी कॉलेज जेईई परीक्षेवर, त्यामुळे तो विषयच नाही. अमरावतीचं शासकीय कॉलेज काठावर. पुण्याचं सीओईपी लिहून खोडलेलं. ते खोडलेलं पाहून जीव तुटला माझा.

म्हटलं, माय, कटऑफ मागल्या वर्षीचा हाय. वरती मोठं नाव लिहिलं म्हणून खालचा नंबर जात नाही. फक्त पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, म्हणून पहिलं नाव मनापासून हवं तेच टाक.

"मंग काका, खोडलेलं परत लिहू?"

लिहिलं तिनं. या वेळी पेनानं.